सोल्डरिंग गन कुणाच्या हातात?

रात्रीचे साडेअकरा. कॉलेजचं वर्कशॉप. परवा स्पर्धा. रोबोचं उजवं चाक मस्त फिरतंय, डावं मात्र ढिम्म. फर्स्ट इयरचा एक पोरगा मल्टिमीटर घेऊन वायरी तपासतोय आणि नेमक्या चुकीच्या जागी तपासतोय. मागे एक माजी विद्यार्थी उभा आहे. नोकरी सांभाळून, ऑफिस सुटल्यावर तासभर प्रवास करून तो या पोरांसाठी येतो. त्याला बिघाड केव्हाच दिसलाय. मोटर ड्रायव्हरपाशी एक सांधा सुटलाय, दोन मिनिटांचं काम. प्रश्न एवढाच, की सोल्डरिंग गन आता कुणी उचलायची?

रोबोटिक्स क्लबमध्ये एखादी रात्र जरी काढली असेल, तरी हा सीन तुमच्या ओळखीचा असणार. 2008 साली रोबोकॉनची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली. त्या वर्षीचा खेळ चक्क आपल्या दहीहंडीवर बेतलेला होता, रोबोंनी लोणी मिळवायचं! टीव्हीवर रोबो दिसले, टीशर्ट घातलेली टीम दिसली. पण अशा प्रत्येक टीमच्या मागे कुणीतरी असतंच, फोटोच्या कडेला उभं राहिलेलं. एखादा सीनियर, एखाद्या मॅडम, एखादा लेथवाला काका. त्यांना याचा पगार नसतो आणि ट्रॉफीवर त्यांचं नावही नसतं.

या मेंटर मंडळींबद्दल बोलायचं तर सुरुवात त्या न फिरणाऱ्या मोटरपासूनच करू. कारण विजेचा प्रवाह आणि चुंबक यांच्या जोरावर एखादी वस्तू गोल गोल फिरवून दाखवणारा पहिला माणूस स्वतःच अशा बिनपगारी मेंटरांच्या हातून घडला होता. पुढे त्याला एक फार मोठा मेंटर मिळाला आणि त्याच मेंटरनं एका नाजूक क्षणी त्याची वाट अडवली. मग तो स्वतः जेव्हा मोठा झाला, तेव्हा त्यानं काय केलं? मायकेल फॅरडेची गोष्ट आपण शाळेत धड्यात वाचतो. पण ती या बाजूनं कुणी सांगत नाही.

दुकानाच्या मागची लॅब

22 सप्टेंबर 1791. लंडनच्या टेम्स नदीपलीकडची गरीब वस्ती. वडील लोहार, त्यात सतत आजारी. 1801च्या महागाईत घरची परिस्थिती इतकी ओढगस्तीची झाली, की मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव यायचा. तोच पुरवून पुरवून खायचा. शाळा म्हणजे लिहिणं-वाचणं आणि थोडंफार गणित, बस्स. हे गणित पुढे आयुष्यभर कच्चंच राहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. घरोघरी पेपर टाकायचे आणि परत आणायचे. वर्षभरानं रीबोनं त्याला बाइंडिंगच्या कामात उमेदवार म्हणून घेतलं. मुदत सात वर्षं, आणि मुलगा चांगला आहे म्हणून शिकवण्याची फी माफ.

बाइंडिंगला आलेली पुस्तकं हा पोरगा शिवता शिवता वाचायला लागला. विश्वकोशातला विजेवरचा लेख वाचला. जेन मार्सेट या बाईंनी संवादरूपात लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तक वाचलं. नुसतं वाचून त्याचं समाधान होईना. जे लिहिलंय ते खरंच तसं होतं का, हे करून बघायचं होतं. दुसरा एखादा मालक असता तर कानाखाली वाजवून कामाला लावलं असतं. रीबोनं दुकानाच्या मागे प्रयोग करायला जागा दिली.

मग एकेक माणूस येत गेला. जॉन टेटम नावाचे एक गृहस्थ आपल्या घरी विज्ञानाची व्याख्यानं द्यायचे, तिकीट एक शिलिंग. मायकेलकडे पैसे कुठले? लोहारकाम करणाऱ्या थोरल्या भावानं, रॉबर्टनं, ते भरले. रीबोच्या घरात भाड्यानं राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकारानं त्याला चित्रकला शिकवली, म्हणजे उपकरणांच्या आकृत्या नीट काढता येतील. बदल्यात मायकेल त्याचे बूट पॉलिश करायचा. टेटमच्या व्याख्यानांना येणाऱ्या तरुणांचा एक ग्रुप होता. आजच्या भाषेत सांगायचं तर स्टुडंट क्लबच. त्यातला मॅग्राथ नावाचा मित्र पुढे अनेक वर्षं मायकेलचं लिखाण आणि बोलणं तपासून चुका दाखवत राहिला.

टेटमच्या व्याख्यानांच्या नोट्स मायकेलनं आकृत्यांसकट लिहिल्या आणि स्वतःच बांधल्या. रीबोला त्याचा इतका अभिमान, की दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना तो त्या वह्या दाखवायचा. ही गोष्ट विल्यम डान्स नावाच्या संगीतकारापर्यंत पोहोचली. त्यांनी या मुलाला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये होणाऱ्या हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. साल 1812.

आता जरा थांबून मोजा. मालक, भाऊ, भाडेकरू, मित्र, गिऱ्हाईक. यातल्या कुणालाही मायकेलला घडवण्याचे पैसे मिळत नव्हते. हा पुढे कोण होणार, हेही त्यांना माहीत नव्हतं. कुणी जागा दिली, कुणी एक शिलिंग, कुणी एक तिकीट. बाकीचं त्याचं त्यानं केलं.

स्टार मेंटर

हम्फ्री डेव्ही म्हणजे त्या काळचा सुपरस्टार. दिसायला देखणा, बोलणं असं की त्याच्या व्याख्यानांना रस्त्यावर घोडागाड्यांची रांग लागायची. विजेचा वापर करून त्यानं सोडियम, पोटॅशियम अशी मूलद्रव्यं वेगळी करून दाखवली होती. मायकेल त्याच्या चार व्याख्यानांना बसला, सगळं टिपून घेतलं आणि जवळपास तीनशे पानांचं पुस्तक बांधून डेव्हीला पाठवून दिलं.

डेव्हीला ते आवडलं. पण नोकरी नव्हती. उलट विज्ञानात पैसा नाही, हातचं बाइंडिंगचं काम सोडू नकोस, असा व्यवहारी सल्ला त्यानं दिला. मग 1813च्या सुरुवातीला लॅबमधल्या सहायकाला मारामारी केल्याबद्दल काढून टाकलं आणि डेव्हीला हा पोरगा आठवला. एका रात्री फॅरडेंच्या साध्याशा घरासमोर डेव्हीची घोडागाडी येऊन थांबली. आठवड्याला 25 शिलिंग पगार, माळ्यावर दोन खोल्या, जळण आणि मेणबत्त्या. बाइंडर मायकेल लॅबमध्ये शिरला. वय 21.

त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाला, तर मायकेलला सोबत घेतलं. दीड वर्षं! पॅरिस, फ्लॉरेन्स, रोम, मिलान. अँपिअर भेटला, म्हातारा व्होल्टा भेटला. ज्यांची नावं आज आपल्या मल्टिमीटरवर आहेत, ती माणसं या मुलानं प्रत्यक्ष पाहिली. डिग्री नसलेल्या मुलाला याहून मोठं विद्यापीठ कुठलं मिळणार? पण याच दौऱ्यात त्याला डेव्हीच्या नोकराचंही काम करावं लागलं. डेव्हीची बायको तर त्याला नोकरासारखंच वागवायची. मायकेल वैतागला, सगळं सोडून परत जायचा विचारही त्याच्या मनात आला. पण शिकायला मिळतंय म्हणून टिकून राहिला.

डेव्हीनं फॅरडेला लॅब दिली, जग दाखवलं, प्रयोग कसा करायचा ते शिकवलं. हे सगळं खरं आहे. पुढे जे झालं ते वाचतानाही हे विसरायचं नाही.

तार फिरली आणि बिनसलं

1820 साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडला दिसलं, की वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. युरोपभर खळबळ उडाली. 1821मध्ये वोलास्टन नावाच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञानं डेव्हीच्या लॅबमध्ये येऊन एक प्रयत्न केला. चुंबक जवळ नेल्यावर तार स्वतःभोवती गरकन फिरेल, असा त्याचा अंदाज होता. तसं काही झालं नाही.

त्याच वर्षी फॅरडेला या सगळ्या नव्या शोधांचा आढावा लिहायला सांगितलं गेलं. हा गडी दुसऱ्यांचं काम नुसतं वाचून लिहिणाऱ्यातला नव्हताच. प्रत्येक प्रयोग त्यानं स्वतः करून पाहिला. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याला हवी ती मांडणी सापडली. भांड्यात पारा. मधोमध चुंबक उभा खोचलेला. वरून एक तार मोकळी लोंबकळती, तिचं टोक पाऱ्यात बुडालेलं. बॅटरी जोडली, आणि तारेचं टोक चुंबकाभोवती गोल गोल फिरायला लागलं. बॅटरी जोडलेली आहे तोवर फिरतच राहिलं.

वरवर खेळणं वाटेल. पण रोबोच्या चाकातल्या मोटरचं मूळ हेच आहे. विजेचा प्रवाह आणि चुंबक यांच्यातला जोर सरळ ओढत नाही, बाजूनं ढकलतो. त्या बाजूच्या ढकलण्यातून गोल फिरणं येतं. आपल्या मोटरमध्ये एका तारेऐवजी तारेचे अनेक वेढे असतात आणि प्रवाहाची दिशा योग्य वेळी उलटवायची सोय असते. बाकी तत्त्व तेच.

फॅरडेला आनंद मावेना. त्यानं घाईघाईत निबंध लिहून छापायला दिला. आणि तिथेच चूक झाली. निबंधात वोलास्टनचा उल्लेख नव्हता, डेव्हीचाही नव्हता. लंडनमध्ये कुजबुज सुरू झाली, की सहायकानं मोठ्यांची कल्पना ढापली. खरं तर दोन्ही प्रयोग वेगळे होते. वोलास्टनची तार स्वतःभोवती फिरणार होती, फॅरडेची चुंबकाभोवती फिरली. फॅरडेनं वोलास्टनला गाठून सगळं सांगितलं. वोलास्टननं शांतपणे ऐकून घेतलं, नंतर लॅबमध्ये येऊन प्रयोगही पाहिले. ज्याची कल्पना चोरल्याचा बोभाटा होता, त्याला फार राग नव्हता.

राग होता तो डेव्हीला. 1823 साली रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी फॅरडेचं नाव पुढे आलं. सह्या करणाऱ्यांत वोलास्टनही होता. आणि सोसायटीचा अध्यक्ष होता डेव्ही. त्यानं फॅरडेला अर्ज मागे घ्यायला सांगितलं. फॅरडे नम्रपणे ठाम राहिला. अर्ज त्यानं स्वतः केलेला नव्हता, ज्यांनी नाव सुचवलं ते काय ते ठरवतील, अशी त्याची भूमिका होती. जानेवारी 1824मध्ये मतदान झालं. फॅरडे निवडून आला. विरोधात फक्त एक मत. मतदान गुप्त होतं, त्यामुळे ते कुणाचं हे कुठल्याच कागदावर नाही. पण लंडनमध्ये कुणाला फारसा प्रश्न पडला नाही.

का केलं असेल डेव्हीनं असं? त्याला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. पण जरा स्वतःकडे बघा. ज्याला तुम्ही मल्टिमीटर धरायला शिकवलं, तो ज्युनियर एक दिवस तुमच्यापेक्षा भारी कोड लिहितो, स्टेजवर जातो आणि आभार मानताना तुमचं नाव विसरतो. पोटात काहीतरी हलतंच. शिकणारा खाली आहे तोवर शिकवणं सोपं असतं. तो बरोबरीला आला, मग पुढे गेला, की तेव्हा मेंटरची परीक्षा सुरू होते. त्या परीक्षेत डेव्ही नापास झाला.

चूक फॅरडेकडूनही झाली होती आणि त्यानं ती गाठीला बांधली. पुढे कुणाचं काय देणं आहे, हे नोंदवण्यात तो कमालीचा काटेकोर झाला. प्रयोगवहीत परिच्छेदांना नंबर टाकायला लागला, तो आकडा शेवटी सोळा हजारांच्या वर गेला. फसलेले प्रयोगही तितक्याच प्रामाणिकपणे लिहिलेले. 1831मध्ये त्यानं चुंबक हलवून वीज तयार करून दाखवली, तो सगळा प्रवासही या वह्यांत दिवसागणिक सापडतो. आणि डेव्ही? त्याच्याबद्दल फॅरडेनं कडवटपणा धरला नाही. डेव्हीच्या हातची कागदपत्रं त्यानं जपली, नीट बांधून ठेवली. बाइंडरच तो!

खुर्ची बदलली

आता फॅरडे स्वतः मोठा झाला. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 साली मुलांसाठी नाताळची व्याख्यानं सुरू झाली. ती आजही चालू आहेत. फॅरडेनं 1827 ते 1860 या काळात अशा तब्बल 19 मालिका दिल्या. एक मालिका तर निव्वळ मेणबत्तीवर. मेण वर कसं चढतं, ज्योतीत काय जळतं, काजळी कुठून येते. टेबलावर मेणबत्ती आणि समोर मुलं. सूत्र सांगायच्या आधी घडताना दाखवायचं, हा त्याचा खाक्या.

हे सगळं त्याला उपजत येत नव्हतं बरं का. त्यानं वक्तृत्वाची शिकवणी लावली होती. बोलण्याच्या भरात वेग वाढला, तर सहायकानं समोर कार्ड धरून हळू बोलण्याची आठवण करून द्यायची, असा नियमच केला होता. शिकवणं ही शिकायची गोष्ट आहे, हे त्याला पटलेलं होतं.

पण त्याला देव करायला नको. लॅबमध्ये तो एकटाच काम करायचा. संशोधन करणारे विद्यार्थी त्यानं घडवले नाहीत. सोबतीला होता फक्त सार्जंट अँडरसन, निवृत्त सैनिक, सांगितलेलं काम चोख करणारा. त्याची एक गोष्ट सांगतात. भट्टी पेटती ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. एका संध्याकाळी फॅरडे त्याला घरी जा म्हणायचं विसरला, तर सकाळी अँडरसन तिथेच, भट्टीत जळण घालतोय! किस्सा मजेदार आहे, पण सांगितलेलं करणारा माणूस आणि स्वतः विचार करायला शिकलेला माणूस यात फरक असतो. स्वतःच्या लॅबमध्ये फॅरडेनं दुसरा फॅरडे तयार केला नाही.

मग मेंटर म्हणून तो कुठे दिसतो? दोन पत्रव्यवहारांत.

1845. फॅरडे 53 वर्षांचा, जगप्रसिद्ध. विल्यम थॉमसन नावाच्या 21 वर्षांच्या पोरानं त्याला पत्र लिहून काही प्रश्न विचारले. विजेचा प्रकाशावर परिणाम होतो का, हा त्यातला एक. फॅरडेनं पूर्वी असे प्रयत्न केले होते, ते फसले होते. कालचं पोर मला काय विचारतंय, असं म्हणता आलं असतं. त्यानं पुन्हा कामाला हात घातला. विजेनं जमेना, तर चुंबक घेतला. बऱ्याच वर्षांपूर्वी स्वतः तयार केलेली जड काच कपाटातून काढली. आणि सप्टेंबरमध्ये दिसलं, की चुंबकानं काचेतून जाणाऱ्या प्रकाशावर खरंच परिणाम होतो. आज त्याला फॅरडे परिणाम म्हणतात. हा थॉमसन पुढे लॉर्ड केल्विन झाला.

दुसरं पत्र 1857चं. चुंबकाभोवती अदृश्य बलरेषा असतात, ही फॅरडेची लाडकी कल्पना. गणितवाल्या बड्या मंडळींना ती पटत नव्हती, कारण त्यात समीकरणं नव्हती, नुसती चित्रं. आणि समीकरणं मांडणं फॅरडेला जमत नव्हतं. तेच लहानपणीचं कच्चं गणित. तेवढ्यात जेम्स क्लार्क मॅक्सवेल नावाच्या पंचविशीतल्या प्राध्यापकानं आपला निबंध पाठवला. बलरेषांची तीच कल्पना, पण पूर्ण गणितात.

विचार करा. आयुष्यभराची तुमची कल्पना एक तरुण घेतो आणि अशा भाषेत मांडतो, की ती तुम्हालाच वाचता येत नाही. आता ती तुमच्या हातातून गेली. 1821चा प्रसंग पुन्हा समोर आला होता, फक्त या वेळी खुर्ची बदलली होती. डेव्हीच्या जागी फॅरडे होता.

फॅरडेनं मॅक्सवेलचे आभार मानले. इतकं गणित पाहून आपण आधी घाबरलोच होतो, हे मोकळेपणानं कबूल केलं. आणि नंतरच्या पत्रात एक विनंती केली, की गणितातून जे निष्कर्ष निघतात ते साध्या भाषेतही लिहाल का, म्हणजे आमच्यासारख्या प्रयोग करणाऱ्यांनाही ते वापरता येतील. वय 66. आणि हा माणूस पंचविशीतल्या पोराला सांगतोय, की मला समजत नाही, समजावून सांग.

मॅक्सवेल पुढे गेला. त्याच्या समीकरणांतून विद्युतचुंबकीय लहरींचं भाकीत निघालं. हर्ट्झनं 1880च्या दशकात त्या लहरी प्रत्यक्ष दाखवल्या. तोवर फॅरडे या जगात नव्हता, 25 ऑगस्ट 1867ला तो गेला. सरदारकी त्यानं नाकारली होती आणि डेव्ही जिथे बसला होता, ते रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही.

आता तुमच्या रोबोकडे बघा. चाकातली मोटर फॅरडेच्या फिरत्या तारेतून आली. हातातल्या रिमोटपासून रोबोपर्यंत हवेतून जाणारा सिग्नल मॅक्सवेलच्या समीकरणांतून आला. दोन्ही गोष्टी एकाच मशीनमध्ये शेजारी शेजारी आहेत.

आणि वर्कशॉपमध्ये अजून साडेअकराच वाजलेत. मागे उभा असलेला तो माजी विद्यार्थी सोल्डरिंग गनकडे बघतो. हात शिवशिवतोय. गन उचलली तर रोबो दोन मिनिटांत चालेल, पण पुढच्या वर्षी याच पोराला पुन्हा कुणाला तरी बोलवावं लागेल. तो हात खिशात घालतो आणि एवढंच विचारतो, की बॅटरीपासून चाकापर्यंत वीज कुठवर पोहोचतेय ते क्रमानं बघितलंस का?

पोरगा थबकतो. मल्टिमीटर उचलून बॅटरीपासून सुरुवात करतो. बारा वाजून जातील कदाचित. जाऊ देत.